यंत्राला प्रश्न कसा विचारावा? : एका विद्येचा इतिहास



गेल्या काही वर्षांत आपल्या घरोघरी एक नवा पाहुणा येऊन बसला आहे. तो मोबाईलमध्ये राहतो. प्रश्न विचारला की क्षणात उत्तर देतो, आणि तेही मराठीत, उर्दूत किंवा इंग्रजीत, आपण म्हणू त्या भाषेत. कोणी त्याला ‘ए.आय.’ म्हणतात, कोणी ‘चॅटजीपीटी’ म्हणतात, कोणी ‘जेमिनाय’. या लेखापुरते आपण त्याला ‘संवाद-सहायक’ म्हणू. त्याच्यापुढे आपण जो मजकूर लिहितो त्याला ‘प्रॉम्प्ट’ असे नाव आहे. प्रॉम्प्ट विचारपूर्वक लिहिला तर उत्तर उपयोगी येते. मोघम लिहिला तर उत्तरही मोघम येते.

या पाहुण्याविषयी पालकांच्या मनात धास्ती आहे, आणि ती रास्त आहे. मूल स्वतः अभ्यास करणार की निबंध, गणिते, प्रकल्प सारे यंत्राकडून उतरवून घेणार? ज्या घरात पहिलीच पिढी दहावीपुढे शिकत आहे, तेथे तर ही चिंता अधिकच. कारण मुलाने काय विचारले आणि यंत्राने काय सांगितले, हे तपासणारे घरात कोणी नसते. यावर मोबाईल काढून घेणे हा उपाय पुरा पडत नाही, आणि मुलाला मोकळे सोडणे हाही उपाय नव्हे. यंत्राला नीट विचारायचे कसे, हे शिकवणे हाच खरा मार्ग आहे.

मी शाळेत इतिहास शिकवतो, म्हणून या विषयाकडे इतिहासाच्या वाटेने जाण्याचे योजिले आहे. कोणाकडून तरी बिनचूक काम करवून घेण्यासाठी ते कसे सांगावे, ही खटपट माणूस फार जुन्या काळापासून करीत आला आहे. प्रत्येक टप्प्यावर त्याला एकेक धडा मिळाला. आज चांगल्या प्रॉम्प्टचे जे नियम सांगितले जातात, त्यांचे मूळ या जुन्या धड्यांत सापडते.

बगदादमधील एक गणिती

नवव्या शतकाच्या आरंभी खलिफा अल्-मामून यांच्या कारकिर्दीत (८१३–८३३) बगदाद हे विद्येचे मोठे केंद्र होते. तेथील ‘बैतुल हिकमा’ या विद्यामंदिरात मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिझ्मी हे गणिती काम करीत होते. त्यांनी हिंदी अंकपद्धतीवर एक ग्रंथ लिहिला. बाराव्या शतकात तो लॅटिन भाषेत गेला आणि त्यांच्या नावाचे तिकडे ‘अल्गोरित्मी’ असे रूप झाले. आज संगणकशास्त्रातला कळीचा शब्द ‘अल्गोरिदम’ हा त्याच नावावरून आला आहे. त्यांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या नावातील ‘अल्-जब्र’ या शब्दावरून ‘अल्जिब्रा’ हा शब्द झाला, हे अनेकांना ठाऊक असेल.

या दुसऱ्या ग्रंथाची एक गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. बीजगणिताच्या त्या ग्रंथात एकही चिन्ह नाही. क्ष नाही, य नाही, बेरजेची खूण नाही. संख्यासुद्धा शब्दांत लिहिल्या आहेत. वारसाहक्काच्या वाटण्या, व्यापार, जमिनीची मोजणी, कालव्यांचे खोदकाम अशा रोजच्या कामांसाठी तो लिहिलेला होता. त्यातील एक प्रसिद्ध उदाहरण आपल्या शब्दांत पाहू. एका संख्येचा वर्ग आणि त्याच संख्येची दहापट मिळून ३९ होतात. ती संख्या कोणती? रीत अशी : दहाचे निम्मे करा, ५ आले. पाचाचा वर्ग करा, २५ झाले. ते ३९ मध्ये मिळवा, ६४ झाले. चौसष्टाचे वर्गमूळ घ्या, ८ आले. त्यातून सुरुवातीचे ५ वजा करा. उरले ३, आणि हेच उत्तर. ताळा पाहा : तिनाचा वर्ग ९, दहापट ३०, मिळून ३९.

येथे काय घडले? एक अवघड काम लहान लहान पायऱ्यांत मोडले, आणि प्रत्येक पायरी साध्या भाषेत अशी सांगितली की ज्याला मूळ युक्ती ठाऊक नाही त्यालाही उत्तर काढता यावे. काम सांगण्याची विद्या ती हीच. ज्याला स्वतःला काय हवे आहे त्याच्या पायऱ्या सांगता येतात, त्यालाच ते दुसऱ्याकडून करवून घेता येते. मग तो दुसरा माणूस असो, की यंत्र.

मागाची पत्रे आणि एका विदुषीची टिपणे

माणसाऐवजी यंत्राला आज्ञा देण्याचा एक ठळक प्रयोग कापडाच्या मागावर झाला. १८०४ मध्ये फ्रान्समधील लिऑनच्या जोसेफ-मारी जॅकार यांनी असा माग तयार केला की ज्यात भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या पत्रांवरून नक्षी उमटे. भोक असेल तेथे आकडा जाऊन धागा उचलला जाई; भोक नसेल तेथे धागा खालीच राही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी अशा यंत्रमागाच्या गावांतील वाचकांना ‘जकार्ड’ हा शब्द परका वाटणार नाही. तो या गृहस्थांच्या नावावरूनच आला आहे.

ही पत्रांची कल्पना इंग्लंडमधील चार्ल्स बॅबेज यांनी उचलली. १८३० नंतरच्या दशकात त्यांनी गणित करणाऱ्या एका मोठ्या यंत्राचा आराखडा केला. ते यंत्र त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. परंतु त्याविषयीच्या एका फ्रेंच लेखाचे इंग्रजी भाषांतर १८४३ मध्ये एडा लव्हलेस या विदुषीने केले आणि त्याला स्वतःची टिपणे जोडली. ही टिपणे मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट झाली. त्यांत तिने एक इशारा देऊन ठेवला होता. त्याचा आशय असा की, हे यंत्र स्वतःहून काही नवे निर्माण करण्याचा दावा करीत नाही. जे काम कसे करावे हे आपल्याला सांगता येते तेवढेच ते करील.

बॅबेज यांनीही १८६४ च्या आपल्या आत्मचरित्रात एक गमतीची आठवण दिली आहे. पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांतील एकेका सदस्याने त्यांना निरनिराळ्या वेळी विचारले होते की, यंत्रात चुकीचे आकडे घातले तर उत्तर बरोबर येईल काय? असा प्रश्न कोणत्या गोंधळातून येतो हेच आपल्याला उमगत नाही, असे बॅबेज म्हणतात. आज आपण त्या सदस्यांना हसतो. परंतु अर्धवट प्रश्न टाकून यंत्राकडून पुऱ्या उत्तराची अपेक्षा करणारा आजचा विद्यार्थी त्याहून वेगळे काय करीत असतो?

माणूस यंत्राची भाषा शिकतो

विसाव्या शतकाच्या मध्यास विजेवर चालणारे संगणक आले. १९५० मध्ये ॲलन ट्यूरिंग या इंग्रज गणितज्ञाने ‘माइंड’ या नियतकालिकात एक निबंध लिहिला. एका बाजूस माणूस, दुसऱ्या बाजूस यंत्र, आणि परीक्षकाने दोघांना टंकलिखित प्रश्न विचारून कोण माणूस व कोण यंत्र हे ओळखायचे, अशी कसोटी त्यांनी सुचविली. आजच्या संवाद-सहायकाची कल्पना तेथे बीजरूपाने दिसते. परंतु प्रत्यक्षात त्या वेळच्या यंत्राशी साध्या भाषेत बोलणे अशक्य होते. आकड्यांच्या सांकेतिक आज्ञा लिहाव्या लागत.

आपल्या मुंबईतही हे घडले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा संगणक उभारण्यात आला. तो १९६० मध्ये कार्यान्वित झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यावर काम करणारे मोजके शास्त्रज्ञच होते, कारण यंत्राची भाषा जाणणारे तेवढेच होते. अमेरिकेत ग्रेस हॉपर या गणितज्ञ महिलेने या अडचणीवर उपाय शोधला. आज्ञा इंग्रजी शब्दांसारख्या लिहाव्यात आणि त्यांचे यंत्रभाषेत रूपांतर यंत्रानेच करावे, असा तिचा आग्रह होता. १९५० ते १९६० च्या दशकात तिच्या या कामातून आणि इतरांच्या सहकार्याने ‘कोबॉल’सारखी भाषा घडली. तरीही शब्द ठरलेले, जागा ठरलेली. एक टिंब चुकले तरी काम अडे.

‘प्रॉम्प्ट’ या शब्दाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. नाटकात विंगेत बसून नटाला विसरलेले वाक्य सुचवणारा तो प्रॉम्प्टर. १९८१ नंतरच्या घरगुती संगणकांवर काळ्या पडद्यावर एक खूण लुकलुकत असे. तिलाही ‘प्रॉम्प्ट’ म्हणत. “मी तयार आहे, आज्ञा लिहा,” असे यंत्र त्या खुणेने माणसाला सुचवी. आज अर्थ उलटला आहे. आता माणूस सुचवतो आणि यंत्र पुढचे बोलते. विंगेत आपण आलो आहोत, आणि विंगेत बसणाऱ्याजवळ नाटकाची संहिता असावी लागते, हे विसरून चालणार नाही.

यंत्र बोलते, पण समजते काय?

१९६६ मध्ये अमेरिकेच्या एम.आय.टी. या संस्थेतील प्राध्यापक जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा कार्यक्रम प्रसिद्ध केला. एलायझा मनोवैद्यासारखी बोले. तिची युक्ती साधी होती. वाक्यातील एखादा ठळक शब्द पकडायचा आणि वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत द्यायचे. “मला वाईट वाटते,” असे म्हटले की “तुम्हाला वाईट का वाटते?” अशा धर्तीचे उत्तर येई. ‘आई’ म्हटले की कुटुंबाविषयी विचारणा होई. समजणे असे तेथे काहीच नव्हते. तरी माणसे तिच्यापाशी मन मोकळे करू लागली. वायझेनबाउम यांची चिटणीस काही वेळ बोलल्यावर त्यांनाच खोलीबाहेर जाण्यास सांगू लागली, असे त्यांनी १९७६ च्या आपल्या पुस्तकात नोंदविले आहे. या अनुभवाने ते अस्वस्थ झाले आणि पुढे आयुष्यभर यंत्रावर भाबडा विश्वास ठेवू नये असे सांगत राहिले. आज मुले रात्री उशिरापर्यंत संवाद-सहायकाशी सुखदुःखाच्या गोष्टी बोलतात असे ऐकू येते, तेव्हा पालकांनी एलायझाची कथा लक्षात ठेवावी. गोड बोलण्यावरून समज सिद्ध होत नाही.

त्याच संस्थेत १९६८ ते १९७० या काळात टेरी विनोग्राड यांनी दुसरा प्रयोग केला. त्यांच्या कार्यक्रमाला रंगीत ठोकळे, सुळके आणि एक पेटी एवढ्याच काल्पनिक जगाचे ज्ञान होते. “मोठा तांबडा ठोकळा उचल,” असे साध्या इंग्रजीत सांगितले की तो उचलल्याचे पडद्यावर दिसे. ‘तो’ म्हणजे नेमका कोणता हे संदिग्ध असेल तर आपण काय अर्थ धरला तेही तो सांगे. परंतु ठोकळ्यांपलीकडचे काही विचारले की सारे संपले. धडा असा : ऐकणाऱ्याला ज्या परिस्थितीची माहिती आहे, तिच्यातच भाषेला अर्थ प्राप्त होतो. परिस्थिती सांगितली नाही, तर शब्द हवेत राहतात.

यंत्र माणसाची भाषा शिकते

पुढच्या काळात दोन गोष्टी घडल्या. १९९१ मध्ये ‘युनिकोड’ या जागतिक लिपिसंकेताची पहिली आवृत्ती आली आणि तीत देवनागरीला स्थान मिळाले. मराठी मजकूर जगातल्या कोणत्याही संगणकावर उमटण्याची सोय त्यातून झाली. दुसरी गोष्ट म्हणजे १९९८ मध्ये गूगल आले. त्यामुळे माहिती शोधणे सोपे झाले. परंतु दोन-तीन शब्द टाकायचे आणि पुढे यादी चाळायची, ही सवय आपल्या हाताला लागली. ही तुटक विचारण्याची सवय आजच्या नव्या यंत्रापुढे आड येते.

२०१७ मध्ये गूगलमधील आठ संशोधकांनी ‘ट्रान्सफॉर्मर’ नावाची रचना मांडली. त्यांपैकी निकी परमार यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले होते. अफाट मजकूर वाचून, दिलेल्या शब्दांनंतर कोणता शब्द येणे संभवते, हे यंत्र शिकू शकते, या तत्त्वावर पुढची सारी इमारत उभी राहिली. २०२० मध्ये ओपन ए.आय. या संस्थेने १७५ अब्ज (१७,५०० कोटी) अंकमूल्यांचे ‘जीपीटी-३’ हे प्रारूप प्रसिद्ध केले. प्रश्नाबरोबर दोन-तीन नमुने दिले की ते त्याच धर्तीवर पुढचे काम करी. ‘नमुना द्यावा’ हा प्रॉम्प्टचा नियम तेथून रूढ झाला.

त्यात एक उणीव होती. ते वाक्य पुढे लिहीत जाई, पण सांगितलेले ऐकेच असे नाही. म्हणून २०२२ मध्ये त्याच संस्थेने माणसांकडून उत्तरांची प्रतवारी करून घेतली व त्यावरून यंत्राला सूचना पाळण्याचे वळण लावले. परिणाम असा की, अवघ्या १.३ अब्ज अंकमूल्यांच्या लहान प्रारूपाची उत्तरे परीक्षकांना १७५ अब्जांच्या मूळ प्रारूपापेक्षा अधिक पसंत पडली. आकारापेक्षा वळण मोठे ठरले. मात्र या वळणाबरोबर एक दोषही येतो. माणसाला आवडेल असे बोलण्याकडे यंत्राचा कल होतो. “हे उत्तर बरोबरच आहे ना?” असे विचारले तर ते ‘होय’ म्हणण्याचा संभव वाढतो. म्हणून प्रश्नात आपल्याला हवे ते उत्तर घालू नये, “यात काय चुकले आहे?” असे विचारावे.

त्याच वर्षी टोकियो विद्यापीठ व गूगल येथील संशोधकांनी एक नवल दाखविले. गणिताच्या प्रश्नांपुढे, आपण एकेका पायरीने विचार करू, अशा अर्थाचे एक छोटे वाक्य जोडले, आणि एका प्रश्नसंचात यंत्राची बरोबर उत्तरे शेकडा १७.७ वरून ७८.७ वर गेली. यंत्र तेच, प्रश्न तेच. फक्त पायऱ्या मांडायला सांगितल्या. बगदादच्या गणित्याची रीत अकराशेहून अधिक वर्षांनी अशी पुन्हा उपयोगी पडली. बीजगणित शब्दांतून चिन्हांत गेले, चिन्हांतून यंत्रात गेले, आणि आता यंत्राशी आपण पुन्हा शब्दांतच बोलू लागलो आहोत.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि पाच दिवसांत दहा लाख लोकांनी ते वापरून पाहिले. २०२४ पासून आलेली काही प्रारूपे तर न सांगताच पायरी-पायरीने विचार करतात. म्हणजे कालची युक्ती आज अनावश्यक झाली. यावरून युक्त्यांची घोकंपट्टी करण्यात अर्थ नाही हे ध्यानात येईल. स्पष्ट सांगणे मात्र कोणत्याही यंत्रापुढे जुने होत नाही.

न्यूयॉर्कच्या कोर्टातील धडा

आता एक खरी घडलेली गोष्ट. न्यूयॉर्कच्या एका वकिलाने विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात आधारासाठी पूर्वीचे निवाडे चॅटजीपीटीकडे मागितले. यंत्राने नावे, तारखा व उतारे यांसह निवाडे दिले. ते कोर्टात सादर झाले. विरुद्ध पक्षाने शोध घेतला तेव्हा त्यांतील अनेक निवाडे अस्तित्वातच नव्हते! ‘हे खरे आहेत काय?’ असे त्या वकिलाने यंत्रालाच विचारले होते, आणि यंत्राने ‘होय’ म्हटले होते. जून २०२३ मध्ये न्यायाधीशांनी दोन वकील व त्यांच्या कार्यालयास पाच हजार डॉलरचा दंड केला.

असे का झाले? कारण यंत्र संभाव्य शब्द जुळवते. निवाड्यासारखा दिसणारा मजकूर आणि खरा निवाडा यांतला भेद त्याला आपोआप कळत नाही. काही सहायक आता इंटरनेटवर शोध घेऊन आधारही देतात, तरी तो आधार उघडून वाचण्याची जबाबदारी विचारणाऱ्याचीच राहते. मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने थोडा असल्याने आपल्या गावाविषयी, आपल्या प्रदेशाच्या इतिहासाविषयी विचारताना ही दक्षता अधिक घ्यावी लागते. आणि यंत्रालाच त्याच्या उत्तराचा साक्षीदार करू नये : यंत्राचे उत्तर तपासण्यासाठी पाठ्यपुस्तक, मराठी विश्वकोश, गॅझेटियर किंवा जाणता शिक्षक यांच्याकडे जावे.

अर्ज लिहावा तसा प्रॉम्प्ट लिहावा

तर मग प्रॉम्प्ट लिहावा कसा? पालकांना कळेल असे उदाहरण द्यायचे तर मामलेदार कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाचे देता येईल. ज्याला लिहिता येत नसे तो त्याच्याकडे जाई. अर्जनवीस लेखणी उचलण्याआधी चार गोष्टी विचारी : तुम्ही कोण? काय हवे? कशासाठी हवे? जवळ कागद काय आहेत? या चार उत्तरांशिवाय अर्ज होत नसे. प्रॉम्प्टही एक अर्जच आहे. फरक इतकाच की, आता अर्जनवीस आपल्याला स्वतःला व्हायचे आहे.

एक उदाहरण घेऊ. विद्यार्थिनीला मलिक अंबराविषयी बोलायचे आहे. ती लिहिते : “मलिक अंबर माहिती.” यंत्र जन्मापासून मृत्यूपर्यंत एक पानभर मजकूर देते, आणि ती तो उतरवून काढते. तिच्या पदरी काही पडत नाही. आता हाच प्रश्न असा लिहिला तर?

“मी नववीत मराठी माध्यमात शिकते. शाळेतील वक्तृत्व स्पर्धेत मला मलिक अंबराच्या जमीनमहसुलाच्या पद्धतीवर पाच मिनिटे बोलायचे आहे. तो आफ्रिकेतून गुलाम म्हणून आला, निजामशाहीचा वजीर झाला आणि १६२६ मध्ये वारला, एवढे मला माहीत आहे. ते पुन्हा सांगू नका. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या पद्धतीत काय नवे होते ते सोप्या मराठीत चार मुद्द्यांत सांगा. ज्या बाबतीत इतिहासकारांत मतभेद आहेत त्या वेगळ्या दाखवा. खात्री नसेल तेथे तसे स्पष्ट सांगा. भाषण लिहून देऊ नका. ते मी लिहीन. शेवटी माझी तयारी तपासण्यासाठी मला तीन प्रश्न विचारा.”

यात काय काय आले ते पाहा. विचारणारी कोण, हे आले. काम कोणते व किती वेळाचे, हे आले. तिला आधी काय ठाऊक आहे ते आले. ठोकळ्यांच्या प्रयोगातील ‘परिस्थिती’ ती हीच. उत्तराचा घाट सांगितला. खऱ्याखोट्याची सावधगिरी घेतली. आणि सर्वांत मोलाचे म्हणजे कोणते काम यंत्राने करायचे नाही, हेही सांगितले. पहिल्या प्रश्नात यंत्र मुलीच्या जागी बसते. दुसऱ्यात ते तिच्या शिकवणीला बसते.

पहिल्या उत्तरावर थांबू नये. “दुसरा मुद्दा कळला नाही, गावातल्या शेताचे उदाहरण द्या,” असे पुन्हा विचारावे. गणितात अडले तर उत्तर मागू नये. आपली पायरी लिहून “कोठे चुकले ते दाखवा, पुढचे मी करतो,” असे म्हणावे. आणि आधार क्रमांक, बँकेचे तपशील, घरातील आजारपण किंवा भांडणे, कोणाचे खासगी फोटो यांतले काहीही तेथे लिहू वा घालू नये. एलायझापाशी मन मोकळे करणाऱ्यांचे शब्द एका प्रयोगशाळेत राहिले. आजचे शब्द दूरच्या कंपन्यांच्या संगणकांत जातात.

पालकांसाठी दोन शब्द

आता मूळ चिंतेकडे येऊ. वरील दुसरा प्रश्न लिहायला त्या मुलीला काय लागले? मलिक अंबर कोण हे आधी वाचलेले असावे लागले. महसूल म्हणजे काय हे कळावे लागले. स्वच्छ मराठीत आठ-दहा वाक्ये लिहिता यावी लागली. आपल्याला काय येत नाही हे ओळखता यावे लागले. या चारही गोष्टी शाळेत, वाचनालयात आणि घरच्या बोलण्यात मिळतात. त्या यंत्र देत नाही. त्या घेऊनच यंत्राकडे जावे लागते. म्हणून ‘यंत्र आले, आता अभ्यास कशाला?’ हा प्रश्नच उलटा आहे. एकच यंत्र तयारीच्या विद्यार्थ्याला शिक्षकाइतका उपयोग देते आणि बिनतयारीच्या विद्यार्थ्याला नकलेची वही देते. दोघांतले अंतर पूर्वीपेक्षा वेगाने वाढणार, ही खरी भीती आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. टिफ्रॅकच्या काळी यंत्राशी बोलणारे मोजके होते. पुढे इंग्रजी आणि संगणकाची भाषा येणाऱ्यांपुरतेच ते दार उघडे राहिले. आपल्या मुलांपैकी अनेकजण घरी उर्दू किंवा कोकणी बोलतात, शाळेत मराठीत शिकतात आणि कॉलेजात एकदम इंग्रजीपुढे उभे राहतात. त्यांच्यासाठी हे दार आज प्रथमच त्यांच्या भाषेत किलकिले झाले आहे. ज्या मुलीला वर्गात हात वर करण्याचा संकोच वाटतो, ती घरी बसून एकच गोष्ट दहा वेळा विचारू शकते. ही संधी लहान नाही.

पालकांना यंत्र चालवता आले नाही तरी चालेल. मुलगा किंवा मुलगी मोबाईल घेऊन बसली की जवळ बसा आणि अर्जनवीसाचे चार प्रश्न तोंडी विचारा : तू कोण म्हणून विचारतोस? काय हवे आहे? कशासाठी? तुला आधी काय माहीत आहे? उत्तर आल्यावर पाचवा प्रश्न विचारा : हे खरे कशावरून? या पाच प्रश्नांना संगणकाचे ज्ञान लागत नाही, आणि फारसे अक्षरज्ञानही लागत नाही. घरातली आजीसुद्धा ते विचारू शकते.

विद्यार्थी मित्रांनो, उत्तरे आता स्वस्त झाली आहेत. परीक्षेच्या दालनात, नोकरीच्या मुलाखतीत, कचेरीच्या खिडकीपुढे तुमच्या कामी येईल ती तुमची स्वतःची समज आणि नेमके विचारण्याची सवय. ती सवय याच वर्षी, पुढच्याच धड्यापासून लावून घ्या. तुमच्या प्रयत्नांस यश लाभो, हीच शुभेच्छा!